किलोच्या भावानं घेतलेली चिप

निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी माझ्या प्रयोगशाळेतली मायक्रोप्रोसेसरची किट्स भंगारात निघाली. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्यावरून लाल शाईची रेघ फिरली, लिलाव झाला आणि एका कबाड्यानं सगळा ढीग वजनावर उचलला. त्यातलं एक किट मी त्याच संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन विकत घेतलं. त्यानं ते लाकडी पेटीसकट तराजूत ठेवलं. दोन किलोच्या थोडं वर भरलं. "मॅडम, हे चालत नसन आता," तो म्हणाला. ते चालतं हे मला ठाऊक होतं. कितीतरी वर्षं दर जूनमध्ये मीच तर ती सगळी पुसून, एकेक चालवून, कपाटात ओळीनं लावत आले होते.

झाकण उघडलं की हिरवा बोर्ड, वर सहा लाल अंकांची पट्टी, खाली कळा आणि मधोमध चाळीस पायांची एक काळी वडी. तीच ८०८५. इंटेलनं १९७६ साली बाजारात आणलेली चिप. पाच आणि तीन यांची बेरीज करायची तर मुलं वहीत बघून एकेक कळ दाबायची: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६. मग रन. मग यंत्राच्या स्मृतीतल्या २०५० या पत्त्यावर जाऊन बघायचं, तिथं ०८ आलेलं असायचं. पाच अधिक तीन आठ हे बालवाडीतल्या पोरालाही येतं. पण तेच आठ स्वतःच्या बोटांनी यंत्राच्या पोटातून काढलं, की नरखेड-सावनेरकडून एसटीनं येणाऱ्या त्या मुलांच्या चेहऱ्यावर जे यायचं, त्यासाठी मी नोकरी केली असं म्हटलं तरी चालेल. पगार आपल्या जागी.

माझी भाची सध्या माझ्याकडे राहून इंजिनिअरिंग करते. कॉम्प्युटरचीच शाखा. तिनं ही पेटी उघडून बघितली आणि विचारलं, "आत्या, ही काढता येते का गं सॉकेटातून?" मी तिला बारीक स्क्रू-ड्रायव्हर दिला. दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचलायची, एकदम एका बाजूनं नाही, नाहीतर पाय वाकतात. तिनं चिप काढली, उलटी केली, आणि खालच्या बाजूला उमटलेलं एक नाव वाचलं: मलेशिया.

"ही तर अमेरिकेची म्हणालीस ना तू?"

अमेरिकेचीच. आराखडा कॅलिफोर्नियातला. पण इंटेलनं १९७२ सालीच मलेशियातल्या पेनांग बेटावर कारखाना उघडला होता, आणि सिलिकॉनच्या चकतीतून कापलेल्या तुकड्याला पाय लावायचं, त्याला काळ्या आवरणात बसवायचं काम तिथं व्हायचं. म्हणजे माझ्या हातातली साधी बेरीज करणारी वडीसुद्धा निम्मी पृथ्वी फिरून नागपुरात आली होती. तीस-पस्तीस वर्षं मी ती शिकवली, पण तिच्या पोटाखालचं नाव भाचीनं वाचेपर्यंत मी त्याचा कधी फार विचार केला नव्हता.

आता विचार करते, कारण तो विचार रोजच्या बातम्यांतून अंगावर येतो. ८०८५ मध्ये साडेसहा हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचे इवलेसे खटके, होते. एन्व्हिडिया या अमेरिकी कंपनीच्या एच-१०० या एआयच्या चिपमध्ये ८,००० कोटी आहेत. १९६५ साली, पुढे इंटेल उभारणाऱ्या गॉर्डन मूर यांनी लिहून ठेवलं होतं की एका चिपवर मावणारे घटक दर वर्षी दुपटीनं वाढत जातील. १९७५ साली त्यांनी तो हिशेब दर दोन वर्षांवर आणला. तो निसर्गाचा नियम नव्हता. ती माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली पैज होती, आणि ती पाळण्यासाठी जी यंत्रं बनवावी लागली त्यांची कथा ऐकली की मला अजूनही वर्गात उभं राहून सांगावीशी वाटते. हॉलंडमधल्या वेल्डहोव्हन गावी एएसएमएल नावाची कंपनी आहे. तिच्या सगळ्यात पुढच्या यंत्रात वितळलेल्या कथिलाचे थेंब सोडतात, सेकंदाला पन्नास हजार. प्रत्येक थेंबावर लेझर मारतात, आधी तो चपटा करायला आणि मग पेटवायला. त्या पेटलेल्या कथिलातून साडेतेरा नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लांबीच्या लहरींचा प्रकाश निघतो, आणि त्यानं चिपवरची बारीक नक्षी छापतात. हा प्रकाश हवासुद्धा शोषून घेते, म्हणून सगळा खेळ निर्वात पोकळीत. भिंगंही चालत नाहीत, म्हणून जर्मनीतल्या त्साइस कंपनीचे आरसे. कथिल म्हणजे आम्ही प्रयोगशाळेत डाग द्यायला वापरायचो ती तार, तिच्यातलंच. माझ्या बोटांना त्याचा वास अजून आठवतो.

असं यंत्र जगात दुसरं कोणी बनवत नाही. आणि त्या यंत्रावर सर्वांत बारीक चिप्स सर्वांत जास्त कोण काढतं? तैवानची टीएसएमसी, मॉरिस चँग यांनी १९८७ साली सुरू केलेली. म्हणजे सगळ्या जगाचं पाणी दोन-चार तोट्यांतून येतं. जिथं तोट्या इतक्या कमी, तिथं सरकारं येऊन तोटीवर हात ठेवणारच. नाक दाबलं की तोंड उघडतं ही म्हण आपल्याला लहानपणापासून येते. चिपच्या बाबतीत नाक नेमकं कुठं आहे ते अमेरिकेनं शोधून काढलं. २०१९ मध्ये ह्वावे ही चिनी कंपनी अमेरिकेच्या काळ्या यादीत गेली. त्याच वर्षी डच सरकारनं ते कथिलवालं यंत्र चीनला पाठवायचा परवाना दिला नाही. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी पुढच्या दर्जाच्या चिप्स, त्या बनवायची यंत्रं आणि त्या यंत्रांवर काम करणारी अमेरिकी माणसं, सगळ्यांवर एकदम बंधनं आली. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ह्वावेनं नवा फोन काढला, त्यात चीनमध्येच बनलेली सात नॅनोमीटरची, म्हणजे चांगलीच बारीक नक्षीची, चिप निघाली, आणि दाबलेल्या नाकातून श्वास चालू असल्याचं जगाला दिसलं.

माझ्या भावाची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे. त्याला मी हे सगळं एकदा सांगायला बसले, तर त्यानं मला मधेच थांबवलं.

"ताई, हे तर आपल्या संत्र्यासारखंच होऊन राहिलं."

आपलं संत्रं बांगलादेशात जायचं. लहान फळाला तिथं चांगला उठाव होता. त्या सरकारनं आयात शुल्क वाढवत नेलं आणि २०२३ पर्यंत ते किलोला ८८ रुपयांवर आणून ठेवलं. ढाक्यातल्या एका कागदावर सही झाली आणि काटोलच्या बागेत फळ झाडावर राहिलं. त्या हंगामात भावानं माल मिळेल त्या भावानं दिला. संत्र्याला काही झालं नव्हतं, झाडाला काही झालं नव्हतं. तो म्हणाला ते मला पटलं, पण एका जागी फरक आहे. संत्र्याच्या बाबतीत माल आपला होता, दार त्यांचं होतं. चिपच्या बाबतीत माल त्यांचा आणि दारही त्यांचंच. आपण नुसतं दारात उभं राहायचं.

दारात उभं राहणं म्हणजे काय ते माझ्या पिढीनं बघितलं आहे. मी नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनिअरिंग कॉलेजात, म्हणजे आत्ताच्या व्हीएनआयटीत शिकत होते तो ऐंशीच्या दशकाचा मध्य. भारताला पावसाचा अंदाज करण्यासाठी अमेरिकेकडून क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर हवा होता. हाच कॉम्प्युटर क्षेपणास्त्रांच्या आणि अणुस्फोटांच्या गणितांनाही चालेल, म्हणून तिकडून नकार. मोठं यंत्र मागितलं होतं, वर्षानुवर्षं बोलणी चालली, आणि शेवटी त्याच मालिकेतलं धाकटं यंत्र मिळालं, तेही वापराच्या अटी घालून. वसतिगृहाच्या मेसमध्ये वरणात पोळी बुडवता बुडवता आम्ही त्यावर भांडायचो. मला वाटायचं, पाऊस कधी पडेल हे विचारायलासुद्धा परवानगी काढायची? माझ्या वडिलांच्या बागेला तो पाऊस हवा होता. त्यांना क्षेपणास्त्र नको होतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सुपरकॉम्प्युटर बनवणारी सरकारी संस्था सुरू झाली आणि १९९१ साली तिचा परम-८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा राहिला. ते काम ज्यांच्या हाताखाली झालं ते विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे, आणि १९६५ साली अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले ते आमच्याच व्हीआरसीईतून. ती बातमी आली तेव्हा मी नोकरीला लागून थोडेच दिवस झाले होते. मी तो पेपर वर्गात नेला आणि आधी मोठ्यानं वाचून दाखवला, मग शिकवायला सुरुवात केली. आपल्या वऱ्हाडातला माणूस, आपल्याच कॉलेजच्या बाकांवर बसलेला. आजही हे लिहिताना मला भरून येतं आणि ते लपवायची मला गरज वाटत नाही.

पण त्याच गोष्टीतला एक धागा सहसा सांगितला जात नाही, आणि शिक्षिका म्हणून तो मला सांगितलाच पाहिजे. परमच्या पोटात जे प्रोसेसर होते ते ब्रिटनमधल्या इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर होते. आपण ते एकमेकांना जोडायची रीत शोधली, सॉफ्टवेअर लिहिलं, आणि अनेक लहान बैल एका जुवाला लावून मोठा नांगर ओढून दाखवला. कौतुक त्या जोडणीचं आहे आणि ते खरं आहे. बैल मात्र विकतचेच होते.

बैल घरी जन्मावेत म्हणूनही प्रयत्न झाला होता, आणि तो परमच्या आधी. मोहालीचं सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स, म्हणजे सरकारचा चिपचा कारखाना, १९७६ साली मंजूर झालं, १९८४ मध्ये तिथं उत्पादन सुरू झालं. फेब्रुवारी १९८९ मध्ये तिथं आग लागली आणि कारखाना जळाला. टीएसएमसी तेव्हा अवघी दोन वर्षांची होती. मी मनात ही दोन वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघते. जळालेली इमारत पुन्हा उभी राहते, आणि ती राहिलीही. पण एका ओळीत काम करत शिकलेले हात पांगतात, आणि चिपच्या धंद्यात तुम्ही थांबलात तरी बाकीचे दर दोन वर्षांनी दुप्पट पुढे जातात. संत्र्याच्या एका बहाराला ताण, म्हणजे फुलासाठी झाडाचं पाणी तोडणं, चुकला तर पुढचा बहार धरता येतो. इथं तसं नाही.

म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मोहालीत बनलेली विक्रम ३२०१ ही चिप दिल्लीत पंतप्रधानांच्या हाती दिली गेली, तेव्हा मी टीव्हीसमोर उभी राहिले. ती इस्रोच्या अग्निबाणांसाठी आहे, १८० नॅनोमीटरची. भाची म्हणाली, "आत्या, १८० म्हणजे केवढं जुनं आहे माहीत आहे ना?" माहीत आहे. पण अग्निबाणाला फोनसारखी बारीक चिप लागत नाही. त्याला थंडी, ताप आणि हादरे सोसणारी, भरवशाची चिप लागते. आणि ती आपल्याच भट्टीतून निघाली की तिच्यासाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही. धोलेऱ्यात टाटांचा कारखाना तैवानच्या पॉवरचिपला बरोबर घेऊन उभा राहतो आहे, ९१,००० कोटींचा. तो महाराष्ट्रात यायला हवा होता की गुजरातेत, यावर नागपुरात चहाच्या टपरीवर तासन्‌तास वाद होतात. माझं लक्ष दुसरीकडे असतं. तिथल्या ओळींवर उभं राहायला जी मुलं लागतील, त्यांनी आयुष्यात एकदा तरी चिप सॉकेटातून काढून परत बसवली असेल का? आमची किट्स तर किलोवर गेली.

सरकार दारात उभं असतं ही एक गोष्ट. सरकारला चिपच्या आत येऊन बसायचं असतं ही दुसरी, आणि मला ती जास्त बोचते. १९९३ साली अमेरिकी सरकारनं क्लिपर नावाची चिप पुढे केली. फोनवरचं बोलणं ती कुलूपबंद करणार होती, पण त्या कुलपाची जादा किल्ली दोन तुकडे करून दोन सरकारी खात्यांकडे राहणार होती. न्यायालयाचा हुकूम आला की दोन्ही तुकडे जोडायचे आणि ऐकायचं. पुढच्याच वर्षी एटी अँड टी या फोन कंपनीच्या मॅट ब्लेझ या संशोधकानं दाखवून दिलं की किल्लीचा तो भाग फसवता येतो. ओळख पटवायला ठेवलेला आकडा अवघा १६ बिटांचा होता, म्हणजे फक्त ६५,५३६ शक्यता. इतके प्रयत्न यंत्राकडून सहज करून घेता येतात. काही वर्षांत ती योजना गुंडाळली गेली. मी ही गोष्ट मुलांना दर वर्षी सांगायचे, आणि सांगताना फळ्यावर एक दार काढायचे. दाराला मागून भोक पाडलं की कोण आत येणार हे भोक ठरवत नाही.

तीस वर्षांनी तेच दार पुन्हा फळ्यावर आलं आहे. अमेरिकी संसदेत २०२५ च्या मे महिन्यात एक विधेयक आलं: चिप कुठं आहे ते तिचं तिलाच कळवता आलं पाहिजे. त्याच वर्षी जुलैच्या अखेरीला चीननं एन्व्हिडियाला बोलावून विचारलं, तुमच्या चिपमध्ये चोरवाट आहे का. कंपनीनं जाहीर सांगितलं की चोरवाट नाही आणि लांबून बंद पाडायची कळही नाही. आणि ऑगस्टमध्ये चीनला विकलेल्या ठरावीक चिप्सच्या उत्पन्नातला १५ टक्के वाटा अमेरिकी सरकारला द्यायचं ठरलं, शिवाय सरकार इंटेलमध्ये सुमारे दहा टक्क्यांचं भागीदारही झालं. ज्या कंपनीची वडी माझ्या पेटीत आहे, त्याच कंपनीत. धोका आहे म्हणून विकू नका, आणि पैसे दिलेत तर विका, ही दोन वाक्यं एका तोंडातून निघाली की ज्याच्यावर बंधन आहे त्याचा बंधनावरचा विश्वास उडतो.

आपल्या सरकारकडेही मी याच नजरेनं बघते. ३ ऑगस्ट २०२३, गुरुवार. लॅपटॉप आयातीला परवाना लागेल असा आदेश अचानक निघाला. त्या आठवड्यात सीताबर्डीत माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे नवीन सत्राच्या मुलांचे पालक ताटकळत उभे होते आणि त्याला भाव सांगता येत नव्हता. लगेच आदेश पुढे ढकलला गेला, नंतर त्याचं नोंदणीत रूपांतर झालं. हेतू मला मान्य आहे, इथं बनायला पाहिजे हे मी गेली कितीतरी वर्षं बोलत आले आहे असं माझे विद्यार्थी सांगतील. पण हुकूम काढणाऱ्यानं त्या काउंटरच्या अलीकडे एक दिवस उभं राहावं.

उलट, कॅमेऱ्यांच्या नियमाच्या बाजूनं मी आमच्या सोसायटीच्या सभेत भांडले. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेरा विकायचा तर त्याची सुरक्षा चाचणी झालेली पाहिजे आणि आतली मुख्य चिप कुठली ते सांगितलं पाहिजे. कॅमेरे बसवणारा पोरगा म्हणाला, भाव वाढणार. सभेत कुरकुर झाली. मी म्हटलं, चार पैसे जास्त द्या. तो डोळा आपल्या जिन्यावर, आपल्या लेकीबाळींवर चोवीस तास लागलेला आहे, आणि त्याच्यामागे कोण बसलं आहे हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. ठराव मंजूर झाला. हा हक्क मला सरकारी कॅमेऱ्यांच्या बाबतीतही हवा आहे. पोलिसांसाठी एआय वापरायला राज्य सरकारनं २०२४ साली 'मार्व्हल' नावाची यंत्रणा काढली, ती आपल्या नागपुरातच. गुन्हेगार लवकर सापडावेत असं मलाही वाटतं. पण माझ्या जिन्यातल्या कॅमेऱ्याला मी जे विचारते, तेच चौकातल्या कॅमेऱ्यालाही विचारता आलं पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं जगातल्या देशांच्या रांगा लावल्या होत्या. पहिल्या रांगेतल्या अठरा देशांना एआयच्या चिप्स हव्या तेवढ्या, दुसऱ्या रांगेला मोजून. भारत दुसऱ्या रांगेत होता. मे महिन्यात, लागू व्हायच्या आतच, तो नियम मागे घेतला गेला. पण त्या चार महिन्यांत मला मेसमधलं ते वरण आणि ते भांडण पुन्हा आठवलं. चाळीस वर्षं मधे गेली होती आणि आपण त्याच उंबऱ्यावर होतो.

या भाद्रपदात भावाचा फोन आला. आंबिया बहाराची फळं झाडावर, पाऊस उघडायला तयार नाही, फळगळ सुरू झालेली. "ताई, बोर्डोचा फवारा मारू का थांबू? तुया त्या मोबाइलात काय म्हणून राहिला?" पुण्याला आणि नोएडाला हवामानासाठी 'अर्का' आणि 'अरुणिका' हे दोन सुपरकॉम्प्युटर २०२४ पासून चालू आहेत, आणि मे २०२५ पासून देशाचा अंदाज सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत उतरला आहे. नावं आपली, गणित आपलं, पोटातल्या चिप्स अजून बाहेरच्या. मी बघितलं. परवा दुपारनंतर उघडीप होती. थांब म्हणाले. तो थांबला.

मी फोन ठेवेपर्यंत भाचीनं ८०८५ परत सॉकेटवर धरली होती. एक पाय वाकला होता. मी तो नखानं हलकेच सरळ केला, खाच कुठल्या बाजूला येते ते तिला दाखवलं, आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखं दाबायला सांगितलं. टक्‌ असा बारीक आवाज झाला. बटण लावल्यावर लाल अंक उजळले. तिनं माझ्या जुन्या वहीत बघून एकेक कळ दाबली, रन केलं, २०५० वर गेली. ०८.

तिनं रीसेट दाबलं आणि वही मिटून पुन्हा पहिल्यापासून भरायला घेतलं.